ऑटो ट्रिमरचं डायरेक्ट ड्राइव्ह शिलाई मशीन: लाइनवर कुठे बसवावं, रेटचं काय करावं

तयार कपड्यांच्या कारखान्यात सर्वात जास्त संख्येने असतं ते साधं सिंगल नीडल लॉकस्टिच मशीन. त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह मोटर (पट्ट्याशिवाय थेट मशीनला जोडलेली), आपोआप धागा कापणारा ट्रिमर, शिलाई उसवू नये म्हणून मागे-पुढे टाके घालून आपोआप लॉक मारणारं रिव्हर्स आणि सुई वर थांबवणारं कंट्रोल असलेलं मशीन. हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीच्या मॉडेलचा नाही, या प्रकाराचाच आहे. नामांकित कंपन्यांच्या मॉडेलमध्ये मूळ रचना सारखीच असते. फरक पडतो सुऱ्यांच्या धातूत, कंट्रोल बॉक्सच्या टिकाऊपणात आणि सुटे भाग किती पटकन मिळतात यात.

निकाल आधीच सांगतो. मशीन उत्तम आहे. मात्र ते विकत घेतलं म्हणून कारखान्याचं उत्पादन वाढेल, असं समजू नका. ते लाइनवर, म्हणजे एकेक ऑपरेशन करत नग पुढे देणाऱ्या कारागिरांच्या ओळीत, कुठे बसतं आणि त्यावर बसणाऱ्या कारागिराच्या नगामागच्या रेटचं काय होतं, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं. माहितीपत्रकात या दोन्हींबद्दल एक ओळ नसते.

टाका तोच आहे. एलियास होवेने 1846 मध्ये ज्या लॉकस्टिच मशीनचं पेटंट घेतलं आणि 1851 मध्ये आयझॅक सिंगरने जी रचना पुढे नेली, तिचं तत्त्व आजही बदललेलं नाही: वरचा धागा, खालचा धागा, आणि दोघांची गाठ कापडाच्या मधोमध. आजच्या रोटरी मशीनमध्ये वरच्या धाग्याचा फास खालच्या धाग्याच्या बॉबिनभोवती फिरवणारा हुक एका टाक्यामागे दोनदा फिरतो. नवं जे काही आहे ते टाक्याच्या आधी आणि टाक्यानंतर.

ते जवळून पाहण्यासारखं आहे. शिलाई संपली की कारागीर टाचेने पेडल मागे दाबतो. मशीन वेग कमी करून शेवटचं लॉक मारतं. शेवटच्या टाक्यात हुकने वरच्या धाग्याचा फास पसरवलेला असतो, त्याच वेळी सुईच्या प्लेटखालून हलती सुरी आत जाते, कापायचे धागे वेगळे करून पकडते आणि परत येताना स्थिर सुरीवर घासून कापते. त्याच क्षणी वरचा धागा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या उघडतात, म्हणजे पुढच्या शिलाईला पुरेल एवढं शेपूट सुईत राहतं. सुई वर थांबते, वायपरची तार ते शेपूट कापड दाबून धरणाऱ्या फूटखालून बाजूला सारते, आणि ऑटो फूट लिफ्ट असेल तर फूटही उचललं जातं. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. जुन्या मशीनवर हेच करायला चाक हाताने फिरवून सुई वर आणायची, गुडघ्याने फूट उचलायचं, कापड ओढायचं, क्लिपर (धागा कापायची छोटी कात्री) उचलायचा, कापायचं आणि क्लिपर ठेवायचा. यात तीन-चार सेकंद सहज जातात. शिवाय ओढलेल्या धाग्याची चार-पाच सेंटिमीटरची शेपटं दोन्ही बाजूंना लोंबत राहतात ती वेगळीच.

विक्रेते वेगावर भर देतात: मिनिटाला 5,000 टाके. या आकड्यावर मशीन निवडू नका. 30 सेंटिमीटरची शिलाई सेंटिमीटरला 4 टाके या हिशेबाने 120 टाक्यांची होते. 4,000 च्या वेगाने तिला 1.8 सेकंद लागतात, 5,000 ने 1.44. म्हणजे फरक अर्ध्या सेकंदाचाही नाही, आणि तोही पूर्ण वेग पूर्णवेळ मिळाला तर. प्रत्यक्षात बहुतेक ऑपरेशनमध्ये सुई चालते ती एकूण वेळेच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकीच. बाकीचा वेळ कापड उचलणं, जुळवणं, वळवणं आणि ठेवणं यात जातो. ट्रिमर याच उरलेल्या वेळेतला एक तुकडा कमी करतो, म्हणून त्याला किंमत आहे.

पण सगळ्याच ऑपरेशनला नाही. खिसा लावणं, लेबल लावणं, फ्लॅप, प्लॅकेट यांसारख्या कामांत शिलाई छोटी आणि सुरुवात-शेवट जास्त, तिथे ट्रिमर खरा कामाला येतो. लांब सरळ शिलाईत एकदाच कापायचं असतं, तिथे फायदा नगाला तीन सेकंदांचा. आणि कॉलर किंवा कफ रन करताना, म्हणजे शर्टला बसवण्याआधी त्यांचे थर जोडून शिवताना, कारागीर एकामागून एक नग सोडत साखळी शिवतो, मध्ये कापतच नाही. तिथे हे मशीन बसवलं तर ट्रिमर दिवसभर नुसता बसून राहील. अनेक ठिकाणी नवी मशीनं सरळ पहिल्या ओळीत लावली जातात, पाहुण्यांना दिसावीत म्हणून. त्या ओळीत नेमकं कॉलर-कफचं काम चालू असेल, तर गुंतवणूक तिथेच अडकली.

आता लाइनचा हिशेब. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गृहीत धरू. शर्टची लाइन, पाळी 480 मिनिटांची, म्हणजे 28,800 सेकंद. विश्रांती, धागा बदलणं, बॉबिन बदलणं तूर्त बाजूला ठेवू. खिसा लावायला 36 सेकंद लागतात, कॉलर बसवायला 42, बाकी सगळ्या ऑपरेशनना 38 किंवा कमी. नवं मशीन खिशावर बसवलं आणि 5 सेकंद वाचले, तर 36 चे 31 झाले. खिशाचा कारागीर दिवसाला 800 ऐवजी 929 नग काढू शकतो, म्हणजे 16 टक्के वाढ. रिपोर्टमध्ये हा आकडा झळकतो. पण लाइनमधून शर्ट किती निघाले? 28,800 भागिले 42, म्हणजे 685. काल 685, आजही 685. वाढले ते फक्त कॉलरसमोर साचलेले बंडल, म्हणजे एकत्र बांधलेल्या नगांचे गठ्ठे.

तेच मशीन कॉलर बसवण्याच्या जागी ठेवलं आणि तिथे 4 सेकंदच वाचले, तर 42 चे 38 होतात आणि लाइन 757 शर्टांवर जाते. खिशावर वाचले होते त्यापेक्षा एक सेकंद कमी वाचला, तरी दिवसाला 72 शर्ट जास्त. उत्पादकता मशीनची नसते, लाइनची असते, आणि लाइन तिच्या सर्वात अडलेल्या जागेच्या वेगानेच चालते. म्हणून खरेदीच्या आधी स्टॉपवॉच घ्या. प्रत्येक ऑपरेशनचे किमान 10 नग मोजा, धागा तुटल्याची वेळ त्यातून वगळून वेगळी लिहा, आणि कुणापुढे बंडल साचतात ते दिवसातून तीन वेळा पाहा. स्टॉपवॉचचा आकडा आणि साचलेले बंडल एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर पहिलं मशीन तिथे. तिथलं अडलेलं सुटलं की अडचण दुसऱ्या जागी सरकते, तेव्हा पुन्हा मोजणी. एकदम पन्नास मशीनं घेण्यापेक्षा चार-चार घेऊन प्रत्येक वेळी मोजणं शहाणपणाचं.

नव्या यंत्राचा फायदा मांडणी बदलेपर्यंत दिसत नाही, हे विजेच्या बाबतीतही झालं होतं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र 1882 चं. पण अमेरिकेतल्या कारखान्यांना विजेचा मोठा फायदा दिसला तो 1920 च्या दशकात. सुरुवातीला वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर आली, वरचे लांब शाफ्ट आणि पट्टे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, शाफ्ट गेले आणि यंत्रं कामाच्या क्रमाने मांडता आली, तेव्हा कुठे उत्पादन वाढलं. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये हा इतिहास मांडला तो संगणकाचा फायदा आकड्यांत का दिसत नाही, हे समजावण्यासाठी. शिलाईच्या लाइनवर याचा साधा अर्थ असा: ट्रिमर आल्यावर बंडलाचा आकारही कमी करा. 30 चं बंडल 10 वर आणलं की पुढच्या कारागिराला नग लवकर मिळतो आणि चूक तीस नगांवर पसरण्याआधी सापडते. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात नवी यंत्रं आणलीच नव्हती. बिघाडांची नोंद, दोषांची रोजची तपासणी, साठ्याची मांडणी अशा व्यवस्थापनाच्या सवयी लावल्या, आणि पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मशीनच्या ऑर्डरवर सही करण्याआधी मालकाने जरूर लक्षात घ्यावा.

आता रेट. या खरेदीतला सर्वात नाजूक भाग हाच आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो शेवटी आठवतो.

वरच्याच उदाहरणात कॉलरचा वेळ 42 वरून 38 वर आला. बऱ्याच ठिकाणी लगेच नवा स्टँडर्ड टाइम (एका नगाला धरलेला वेळ) काढला जातो आणि नगामागचा रेट त्याच प्रमाणात उतरवला जातो. गणित करून पाहा: 757 नग शिवून कारागिराच्या हातात तेवढेच पैसे येतात, जेवढे 685 नगांचे येत होते. बहात्तर कॉलर जास्त बसवल्या, मिळकत जशीच्या तशी. शिवाय नवं पेडल हाताळायला शिकताना पहिले आठ-दहा दिवस नग कमीच निघतात, त्या दिवसांचं नुकसान त्याच्या खिशातून. असा कारागीर "जुनं मशीन बरं होतं" म्हणत असेल, तर तो आडमुठेपणा करत नाही, तो बरोबर हिशेब करतो आहे.

याचा फार चांगला पुरावा पाकिस्तानातल्या सियालकोटच्या फुटबॉल उद्योगातून मिळाला. अर्थतज्ज्ञ डेव्हिड अॅटकिन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कारखान्यांना पंचकोनी तुकडे कापण्याचा नवा साचा फुकट दिला. त्याने कृत्रिम चामड्याची नासाडी कमी होत होती, फायदा स्पष्ट होता. तरीही सव्वा वर्षात अगदी मोजक्या कारखान्यांनी तो वापरला. कारण कापणारे कामगार नगावर पैसे घेत होते. नव्या साच्याने त्यांचा वेग सुरुवातीला कमी होत होता, आणि वाचलेल्या चामड्याचा पैसा मालकाकडे जात होता. साचा चालत नाही, असं तेच मालकांना सांगत. मग संशोधकांनी काही कारखान्यांत, नवा साचा वापरून दाखवला तर कामगाराला एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम द्यायची, असं ठरवलं. तिथे वापर ठळकपणे वाढला. हा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. तंत्र तेच, कारखाने तेच, बदललं ते फक्त कामगाराच्या हाती काय येतं ते.

म्हणून मशीन बसवण्याच्या आधी, नंतर नव्हे, कारागिरांसमोर बसून तीन गोष्टी ठरवा आणि लिहून द्या. शिकण्याच्या दोन आठवड्यांत मागच्या तीन महिन्यांची सरासरी मिळकत कमी होणार नाही. त्यानंतर निदान दोन-तीन महिने जुनाच रेट राहील. आणि पुढे रेट बदललाच, तर वाचलेल्या वेळेचा ठरलेला वाटा कारागिराचा. कॉलरच्या उदाहरणात अर्धा वाटा म्हणजे 38 ऐवजी 40 सेकंद धरून रेट काढायचा. मग 757 नगांना त्याची मिळकत पाच टक्क्यांच्या पुढे वाढते, आणि मालकाचा नगामागचा मजुरीखर्चही उतरतो. यात दोघांचंही नुकसान नाही.

हेल्परचा प्रश्नही उघडपणे मांडायला हवा. फिनिशिंगमध्ये धागे कापायला बसलेल्यांचं काम ट्रिमरमुळे खरोखर कमी होतं. पूर्ण संपत नाही, कारण ओव्हरलॉकची शेपटं आणि काजांचे धागे राहतातच. पण चार जणांच्या जागी दोन पुरे, असा विचार लगेच सुरू होतो. आमचं मत स्पष्ट आहे: या माणसांना लाइन, कापड आणि दोष ओळखण्याची नजर असते. त्यांना मधल्या तपासणीवर किंवा सोप्या ऑपरेशनवर शिकवून घ्या. उत्पादन वाढल्यावर तशीही तिथे माणसं कमी पडतात.

शिकवण्याचं म्हणाल तर जुन्या मशीनच्या क्लच मोटरवर वर्षानुवर्षं बसलेल्या पायाला हे मशीन सुरुवातीला उधळल्यासारखं वाटतं. क्लच मोटर सतत फिरत असते आणि पेडल फक्त पकड घट्ट करतं. इथे पेडलचा प्रत्येक मिलिमीटर थेट वेग ठरवतो. पहिला आठवडा कमाल वेग 3,000 वर बांधून ठेवा, सॉफ्ट स्टार्ट (सुरुवातीचे टाके सावकाश घालण्याची सोय) चालू ठेवा. टाच नकळत मागे गेली की शिलाईच्या मध्येच धागा कापला जातो, हा पहिल्या दिवसातला सर्वात त्रासदायक प्रकार. ज्यांना तो वारंवार होतो त्यांच्या पेडलचा कोन आणि मागच्या दाबाची स्प्रिंग जुळवून द्या, सूचना देऊन तो थांबत नाही. तसंही नव्या मशीनला पहिला महिना 4,000 च्या खालीच चालवणं योग्य.

विजेची बचत खरी आहे, कारण सुई थांबली की मोटरही थांबते. आवाज, थरथर आणि मोटरची उष्णताही कमी. दिवसभर बसणाऱ्याच्या शरीराला हा फरक कळतो.

बिघाडांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मशीन बंद पडलं की वाचलेले सगळे सेकंद एका दुपारीत जातात.

सर्वात जास्त तक्रार: कापल्यानंतर पुढची शिलाई सुरू करताना धागा सुईतून निसटतो. मेकॅनिक आधी सुऱ्या बघतो, पण दोष बहुधा दुसरीकडेच असतो. वरचा छोटा टेन्शन जास्त आवळलेला असेल तर सुईत उरलेलं शेपूट तोकडं पडतं, तो थोडा डावीकडे सैल करा. कापताना मोठ्या टेन्शनच्या चकत्या उघडत नसतील तरी तेच होतं. तिसरं कारण सहज नजरेतून सुटतं: मशीन थांबताना धागा ओढणारा लिव्हर अगदी वर पोचलेला नसेल, तर सुरू होताना तो आधी वर जातो आणि सुईतला धागा ओढून काढतो. अशा वेळी सुई थांबण्याची जागा जुळवावी लागते.

धागा कापलाच जात नसेल तर सुरी बोथट आहे असं धरून चालू नका. शेवटचा टाका सुटला असेल तर सुरीला पकडायला फासच मिळत नाही. आधी सुई बदला, मग हुकचं टायमिंग तपासा: सुई सर्वात खालून साधारण 2 मिलिमीटर वर आली की हुकचं टोक सुईच्या मध्याशी यायला हवं, आणि दोघांत अंतर 0.04 ते 0.1 मिलिमीटर. हे ठीक असूनही जाड धागा अर्धवट तुटत असेल, तरच सुऱ्यांचा दाब आणि धार. शिलाईच्या सुरुवातीला खाली धाग्याचा गुंता होत असेल तर बॉबिन केसमधली स्प्रिंग बघा. कापण्याच्या झटक्याने बॉबिन मोकाट फिरू नये म्हणून ती असते, आणि हरवली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बॉबिनही ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरा.

सुऱ्यांत कापसाची पूड साचते. रोज पाळी संपताना प्लेट काढून ब्रशने साफ करा. हवेच्या नळीने फुंकर मारू नका, पूड उलट आत सरकते. पांढऱ्या मालावर तेलाचे डाग पडत असतील तर हुकचं तेल कमी करा. हुकजवळ पाच सेकंद कागद धरला की त्यावर पुसट रेघ उमटावी, ठिपके नकोत. कंट्रोल बॉक्सला स्वतःचं अर्थिंग द्या, आणि वीज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. प्रत्येक मशीनच्या सेटिंगचा कागद त्याच मशीनला चिकटवा. कुणीतरी लॉकचे टाके तीनचे पाच करून जातं आणि मग लेबलवर जाड गाठी येतात, कारण शोधण्यात तास जातो.

निर्यातीचं काम असेल तर या मशीनला आणखी एक बाजू आहे. कापडव्यापारातली कोटापद्धत, म्हणजे कुठल्या देशातून किती माल घ्यायचा यावरची मर्यादा, 1 जानेवारी 2005 रोजी संपली, तेव्हापासून खरेदीदार जिथे दर्जा आणि वेळ सांभाळली जाते तिथे जातो. तपासणी बहुधा नमुना पद्धतीने होते. 1,201 ते 3,200 नगांच्या लॉटमधून तपासणीच्या सामान्य पातळी 2 नुसार 125 नग काढतात. 2.5 च्या एक्यूएलला (चालवून घेण्याच्या दोषांची पातळी) 7 मोठे दोष चालतात, आठव्याला लॉट नापास. किरकोळ दोषांना 4.0 लावला तर 10 पर्यंत चालतात. लोंबता धागा बहुतेक खरेदीदार किरकोळ दोषात मोजतात, आणि 125 नगांत असे अकरा सापडणं अजिबात कठीण नाही. ट्रिमरने हे दोष उगमापाशीच कमी होतात. सुरुवात आणि शेवटचं लॉक प्रत्येक नगाला तेवढ्याच टाक्यांचं पडतं, त्यामुळे उसवलेल्या शिलाईचा मोठा दोषही घटतो.

मात्र मशीन घेतलं म्हणून परदेशी ऑर्डर येत नाही. बरेचदा उलटं घडतं, ऑर्डर आली की कारखाना शिकतो. इजिप्तमधल्या फोवा गावात गालिचे विणणाऱ्या छोट्या उद्योगांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने निर्यातीच्या ऑर्डर देऊन पाहण्यात आल्या. ज्यांना त्या मिळाल्या त्यांचा नफा 16 ते 26 टक्क्यांनी जास्त निघाला आणि विणकामाचा दर्जा वाढला. तासाला विणलेलं क्षेत्रफळ मात्र कमी झालं, कारण चांगला गालिचा जास्त वेळ घेतो. म्हणून नुसते नग मोजून उत्पादकता ठरवली तर सुधारलेला कारखाना बिघडलेला दिसेल. ट्रिमर बसवल्यावरही रोजच्या नगांशेजारी दुरुस्तीला परत आलेले नग लिहा, नाहीतर अर्धा फायदा वहीत येणारच नाही.

आमची शिफारस: फक्त स्थानिक साधा माल आणि लांब शिलाया असतील, तर आहे त्याच मशीनची क्लच मोटर काढून सर्वो मोटर (पेडल दाबल्यावरच फिरणारी) लावा, ट्रिमरची गरज नाही. शर्ट, ट्राउझर, युनिफॉर्म यांसारखा माल आणि बाहेरची तपासणी असेल, तर ट्रिमर घ्या, त्यासोबत ऑटो फूट लिफ्टही घ्या. डेनिमला हलक्या कापडाचं मॉडेल चालणार नाही, जाड कापडाची आवृत्ती मागा. डेमो विक्रेत्याच्या कापडावर आणि त्याच्या माणसाकडून घेऊ नका. तुमचा धागा, तुमचं कापड आणि तुमच्याच लाइनवरचा कॉलरचा कारागीर मशीनवर बसवा, सलग दोनशे वेळा धागा कापायला लावा आणि किती वेळा धागा सुईतून निसटला ते मोजा. ऑर्डरमध्येच दहा मशीनमागे सुऱ्यांचे दोन जोड, बॉबिन केसच्या दहा स्प्रिंगा आणि एक जादा कंट्रोल बॉक्स लिहून घ्या.